डोमिंग्वेझ कॅनियन आणि पाण्याचं भांडण: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या पश्चिमेला, ग्रँड जंक्शन आणि डेल्टा या गावांच्या मधे असलेल्या डोमिंग्वेझ कॅनियनला, म्हणजे घळीला, विल्डरनेसचा (केंद्राच्या कायद्याने जशीच्या तशी राखायची रानवट जागा) दर्जा मिळाला तो मार्च २००९ मधे. साधारण ६६ हजार एकर, आणि भोवतालचा संरक्षित पट्टा धरला तर दोन लाखांच्या वर. तेव्हापासून सांगितलं जातं की "जुने पाण्याचे हक्क शाबूत ठेवून घळ वाचवली". हे खरंच आहे, पण त्यामुळे उगाच असं वाटतं की भांडण जुन्या हक्कांवरून होतं, आणि ते तसं कधीच नव्हतं.

फार जुनं थोडक्यात सांगतो. हा मुलूख यूट आदिवासींचा, त्यांनी कोरलेले घोडे आणि मोठ्या शिंगांच्या मेंढ्या तिथल्या खडकांवर अजून दिसतात. १८८१ मधे त्यांना इथून हाकललं, मागोमाग गुरंवाले आले, पाट निघाले, आणि पाण्याचा नियम ठरला की ज्याची तारीख आधी त्याचं पाणी आधी, जमीन ओढ्याला लागून आहे की नाही याला काही किंमत नाही.

गुंता सुरू होतो १९६४ च्या विल्डरनेस कायद्यात. त्यात एक छोटं कलम आहे, ज्याचा अर्थ एवढाच की राज्यांच्या पाणी कायद्यातून केंद्राला सूट आहे असा दावाही हा कायदा करत नाही आणि नाहीही म्हणत नाही. म्हणजे निर्णयच टाळला. त्याआधी १९०८ मधे आदिवासींच्या राखीव जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की जमीन राखून ठेवली की तिला लागणारं पाणीही राखलं गेलं असं समजायचं, १९६३ मधे हे तत्त्व केंद्राच्या इतर राखीव जमिनींनाही लागू झालं. मग विल्डरनेसला लागू का नाही? १९७९ मधे केंद्राच्या वकिलांनी लागू होतं म्हटलं, १९८५ मधे कोलोरॅडोतल्या केंद्रीय न्यायालयानेही तेच म्हटलं, १९८८ मधे केंद्राच्याच दुसऱ्या वकिलांनी अजिबात नाही म्हटलं, आणि १९९० मधे वरच्या न्यायालयाने प्रश्न अजून निकालाला आलेलाच नाही म्हणून केस काढून टाकली. पुढे आयडाहो राज्यातही तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा याच प्रश्नावर एक निकाल १९९९ मधे आला आणि २००० मधे फेरसुनावणीत उलटा झाला.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान १९९० पर्यंतच्या दहा-बारा वर्षांत झालं, कारण पाण्याचं ठरत नाही तोवर कोलोरॅडोत नवं विल्डरनेस जाहीरच होईना. आणि भीती कशाची, तर तारखेचा विचार केला तरी लक्षात येतं: विल्डरनेसला राखीव हक्क मिळाला असता तरी त्याची तारीख जाहीर झाल्याच्या दिवसाची, म्हणजे जुन्या सगळ्या पाटांच्या मागे. कुणाच्या पाटातला थेंबही कमी झाला नसता. खरा प्रश्न होता अजून कुणीच न उचललेल्या पाण्याचा, पुढे कधीतरी वरच्या अंगाला धरण बांधायचं तर काय याचा. एक रास्त शंका मात्र होती, ती नाकारत नाही: जुन्या हक्काची जागा किंवा वापर बदलायचा असेल तर तिथल्या कायद्याप्रमाणे मागच्या तारखेवाल्यांनाही हरकत घेता येते, आणि केंद्र सरकारसारखा हरकतदार कुणाला नको असतो.

१९९३ मधे कायदा करून तोडगा निघाला. जिथे ओढे उगम पावतात अशाच उंचावरच्या जागा निवडल्या, वरच्या अंगाला कुणी नाहीच तर भांडण कशाला, आणि बदल्यात केंद्राने या दर्जाच्या जोरावर पाणी मागायचं नाही असं स्पष्ट लिहिलं. डोंगरमाथ्यांना हे चाललं. घळींचं काय? घळ म्हणजे कालव्याच्या टेलचा शेतकरी, वरचे सोडतील तेव्हा पाणी. म्हणून डोमिंग्वेझच्याच पठारावरच्या रूबिडो आणि टॅबेगवाच या भागांना त्या कायद्यात संरक्षण मिळालं पण विल्डरनेस हा दर्जा नाही मिळाला. डोमिंग्वेझ तर १९८० पासून विल्डरनेस करावं का याच्या अभ्यासाच्या यादीत होती ती तिथेच राहिली.

आणि पाण्याशिवाय ही घळ वाचवून उपयोगच नव्हता. लाल भिंतींच्या तळाशी काळा जुना खडक, त्यावरून पडणारा ओढा, काठाला कॉटनवुडची झाडं, बाकी सगळं रखरखीत. मेंढ्याही त्याच पाण्यावर.

२००९ मधे केलं असं की केंद्राने स्वतःचा राखीव हक्क न मागता राज्याच्याच कायद्याने जायचं ठरलं. ओढ्यात पाणी नुसतं वाहतं ठेवण्याचा हक्क राज्याच्या जलमंडळाला घेता येतो, तशी तरतूद कोलोरॅडोत १९७३ पासून होतीच, पण ती सहसा किमान प्रवाहापुरती वापरत. इथे बिग आणि लिटल डोमिंग्वेझ या दोन्ही ओढ्यांत कुणी न उचललेलं सगळंच पाणी धरलं, वरच्या अंगाच्या लोकांसाठी पुढच्या वापराचा थोडा वाटा बाजूला काढून. जुन्या पाटांची तारीख आधीची, त्यामुळे दुष्काळात पहिला मान अजूनही त्यांचाच. आणि राज्याचा हक्क घळीला पुरेसा नाही असं केंद्राला वाटलं तर स्वतः राज्याच्या न्यायालयात जायची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे.