फळीवरच्या सॅमनची वंशावळ

ग्रिलवर वापरायच्या सीडर या सुवासिक लाकडाच्या फळ्या विकत आणल्या, तर वेष्टनावर बहुतेक वेळा एक दावा छापलेला असतो: फळीवर मासा भाजणं ही उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांची प्राचीन पद्धत आहे. दावा सपशेल खोटा नाही. पण फळी जाळीवर आडवी ठेवायची, तिच्यावर सॅमन माशाचा काप कातडी खाली करून मांडायचा आणि ग्रिलचं झाकण लावायचं, हा जो प्रकार आज घरोघरी चालतो, त्याची वंशावळ चांगलीच सरमिसळ आहे. त्यात सॅमन एका किनाऱ्याचा, फळी दुसऱ्या किनाऱ्याची आणि झाकण शिकागोचं.

आधी सॅमनचं पाहू. ओरेगॉनपासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यावर चिनूक, सॅलिश, क्वाक्वाकावाक्व, हैदा, त्लिंगिट अशा अनेक समाजांचं जगणं दोन गोष्टींभोवती फिरत असे: अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणारा सॅमन आणि तांबडा सीडर. हे लाकूड सरळ रेषेत फाटतं. एल्क हरणाच्या शिंगाच्या पाचरी ठोकून उभ्या झाडाच्या अंगावरूनही फळ्या काढता येत, आणि झाड जगत असे. अशा फळ्यांची घरं बांधली जात. फळ्यांत स्वयंपाकही होई, पण आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा नव्हे. एकाच फळीला खाचा पाडायच्या, वाफेवर नरम करून ती चौकोनात वाकवायची, शेवटचा कोपरा खुंट्यांनी जोडायचा आणि तळ बसवायचा. झाली पाणी न गळणारी पेटी. तिच्यात पाणी आणि मासा घालून विस्तवात तापवलेले दगड सोडले, की पाणी खदखदायला लागे. म्हणजे मासा फळीवर नाही, फळीच्या पोटात शिजत होता.

दगडांनी शिजवण्याचं एक छान वर्णन अमेरिकी शोधप्रवासी विल्यम क्लार्कच्या रोजनिशीत आहे. १७ ऑक्टोबर १८०५ रोजी तो कोलंबिया नदीकाठी चटयांनी बांधलेल्या एका घरात गेला. घर माणसांनी गच्च भरलेलं. यजमानानं वाहून आलेला पाइनचा ओंडका शिंगाच्या पाचरीनं आणि कोरीव दगडी हातोड्यानं फोडला, विस्तव पेटवून त्यावर गोल दगड ठेवले. एका बाईनं पाण्याची टोपली आणि अर्धवट सुकवलेला मोठा सॅमन पुढे केला. तापलेले दगड टोपलीत पडले, मासा शिजला आणि लव्हाळ्याच्या नीटस विणलेल्या ताटातून क्लार्कपुढे आला. इथे पेटीची जागा टोपलीनं घेतली आहे, एवढाच फरक.

भाजायची रीत वेगळी होती, आणि ती आजही या समाजांच्या मेजवान्यांत दिसते. मासा चिरून पुस्तकासारखा उघडायचा, कणा काढायचा, उभ्या फाडलेल्या सीडरच्या काठीच्या चिमट्यात धरायचा आणि तो पसरट राहावा म्हणून आडव्या बारीक काड्या खोचायच्या. मग काठी जमिनीत रोवून विस्तवाकडे झुकवायची. जळण बहुतेकदा ऑल्डर झाडाचं. यात सीडरचं काम मासा धरून ठेवण्याचं. धूर आणि धग दोन्ही विस्तवाची. काठी जळायला लागली तर मासाच राखेत पडायचा! सीडरच्या धुराचा वास माशाला लागावा हा हेतू इथे नाही, आणि वेष्टनावरचा दावा नेमका याच ठिकाणी डळमळतो. शिवाय ताजा भाजलेला सॅमन ही हंगामापुरती चैन होती. पकडलेल्यातला मोठा हिस्सा वाळवून आणि धुरी देऊन पुढच्या महिन्यांसाठी ठेवला जाई.

आता फळीकडे वळू. ती मिळते पूर्वेला, अटलांटिकच्या बाजूला. तिथे वसंतात कनेक्टिकट, हडसन, डेलावेअर या नद्यांत शॅड नावाचा मासा चढतो. हेरिंगच्या कुळातला, चवीला उत्तम, काट्यांनी भरलेला. तो उघडून ओकच्या किंवा हिकरीच्या जाड फळीवर खिळ्यांनी ठोकायचा आणि फळी विस्तवासमोर उभी करायची, असा तिथला रिवाज. व्हर्जिनियातल्या वेकफील्ड गावात तर यावरून दर वसंतात राजकारण्यांचा मेळावाच भरू लागला. मासा निमित्ताला आणि भाषणं तोंडी लावायला. फिनलंडमध्येही सॅमन असाच फळीला ठोकून आगीच्या कडेला उभा करतात. यात कुणी कुणाचं उचललं असं मानायची गरज नाही. मोठा, मऊ मासा आगीजवळ धरायचा म्हटलं, की डोकं आपसूक तिकडेच जातं.

पूर्वेकडची फळी पुढे घरात आली आणि तिथे ती आडवी झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं निर्णायक वळण हेच. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या बोस्टनच्या पाकपुस्तकात शॅडची कृती आहे: इंचभर जाड ओकच्या फळीवर मासा कातडी खाली करून ठेवायचा, त्याला वरून वितळलेलं लोणी लावायचं, गरम ओव्हनमध्ये भाजायचा आणि फळीसकट टेबलावर न्यायचा. खिळे गेले, विस्तव गेला. यातला शॅड काढून सॅमन ठेवला आणि ओकच्या जागी सीडर आणला, की आजची कृती जवळपास तयार होते.

उरलं झाकण. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन हा धातुकामाच्या कारखान्यातला माणूस, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी बनणाऱ्या धातूच्या अर्धगोलांतून झाकणाची गोल शेगडी तयार करून बसला. वेबर कंपनीची केटल ग्रिल ती हीच. फळीच्या दृष्टीनं झाकण ही चैन नव्हे. जाळीवर फळी ठेवली की ती माशाला खालच्या आचेपासून तोडते. मग उष्णता वरून आणि बाजूंनी यायला हवी, आणि कोंडलेल्या गरम हवेशिवाय ती येत नाही. खरं तर हे ग्रिलिंग नव्हेच, धुरकट ओव्हन आहे. भिजवलेल्या फळीतलं पाणी उडून जाईपर्यंत लाकूड पेटत नाही, कडा तेवढ्या करपत धुमसतात, आणि मासा खालून कधीच खमंग होत नाही. त्या बदल्यात तो जाळीला चिकटत नाही, उलटताना तुटत नाही. घरच्या माणसाला ही पद्धत आवडण्याचं खरं कारण प्राचीनतेपेक्षा हेच असावं. लाकूड मात्र कोरं, प्रक्रिया न केलेलं लागतं. बांधकामाच्या लाकडात वाळवी-बुरशीविरुद्ध रसायनं मुरवलेली असू शकतात; अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या लाकडात आर्सेनिकयुक्त मिश्रणही सर्रास असे.

हे तीन धागे एकत्र यायला सॅमन ताजा आणि सहज मिळायला हवा होता. अमेरिकेतल्या बहुसंख्यांना तो बराच काळ डब्यातून माहीत होता. पॅसिफिक किनाऱ्यावरचा, सॅमन डबाबंद करणारा पहिला कारखाना १८६४ मध्ये सॅक्रामेंटो नदीवर निघाला आणि दोन वर्षांत धंदा कोलंबियावर सरकला. पुढे धरणं आली. १० मार्च १९५७ रोजी कोलंबियावरच्या द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली सेलिलो धबधबा गेला, आणि हजारो वर्षं चालत आलेली मासेमारीची जागा काही तासांत बुडाली. वॉशिंग्टन राज्यातल्या जमातींना १८५० च्या दशकातल्या करारांप्रमाणे पकडीच्या निम्म्यापर्यंत हक्क आहे, हे मान्य व्हायला १९७४ चा न्यायाधीश बोल्ट यांचा निकाल लागला. मधल्या काळात, १९६२ च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमाराला, सिएटलजवळच्या ब्लेक बेटावर पर्यटकांना काठीवर भाजलेला सॅमन वाढायला सुरुवातही झाली होती. मूळ मालक हक्कासाठी भांडत होते, तेव्हा त्यांची पाककृती तिकिटावर विकली जात होती.

दुसरीकडे नॉर्वेत १९७० च्या सुमारास समुद्रातल्या पिंजऱ्यांत अटलांटिक सॅमन वाढवायचं तंत्र जमलं, आणि दोनेक दशकांत त्याचे काप बाराही महिने मिळू लागले. फळीला हा मासा फार मानवतो. त्याच्यात चरबी भरपूर, त्यामुळे झाकणाखाली थोडा जास्त वेळ राहिला तरी कोरडा पडत नाही. वायव्य किनाऱ्याचा रानटी सॉकआय सॅमन अंगानं पातळ आणि कमी चरबीचा असतो; फळीवर तो मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकानं भुसभुशीत होतो. त्याला अजूनही पेटता विस्तव आणि नजर ठेवून बसलेला माणूसच लागतो.