नव्या पाण्याला नुसतं क्लोरीन पुरत नाही

‘ताजं पाणी भरलं, क्लोरीन टाकलं की पोहण्याचा तलाव तयार’ हा समज चुकीचा आहे. पाणी कितीही नितळ दिसो, आधी पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) तपासा. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्माच भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ वर गेला की जेमतेम पाव. म्हणजे डोस तोच, पण काम अर्धंच! म्हणून आधी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८० ते १२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मग पीएच ७.२ ते ७.८, आणि क्लोरीन शेवटी. पीएच उतरवायला ॲसिड लागलं तर ते पाण्यात ओतायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं. लोक त्याला शेवाळ समजून आणखी क्लोरीन ओततात. कृपा करून तसं करू नका. भरण्याआधीच लोह तपासून घ्या.