पार्श्वभूमी : कॉफीचा तांबेरा आणि बाळेहोन्नूरचे वाण

तांबेरा म्हटलं की आपल्याला गहू आठवतो, नाहीतर सोयाबीन. कॉफीलाही हा बुरशीचा रोग होतो. पानाच्या मागच्या बाजूला नारिंगी पूड धरते, हात लावला की बोटाला लागते, आणि पुढे पानं गळून झाड उघडं पडतं. झाडाची ताकदच गेल्यामुळे पुढच्या हंगामाचं पीकही बुडतं.

1869मध्ये सिलोनहून (आजच्या श्रीलंकेहून) आलेल्या पानांवरून इंग्लंडमधल्या बर्कली आणि ब्रूम या अभ्यासकांनी या बुरशीला हेमिलिया वास्टाट्रिक्स असं नाव दिलं. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ उजाड करणारी. पुढच्या वीस-एक वर्षांत सिलोनची कॉफी खरोखरच उजाड झाली आणि तिथे चहा आला.

दक्षिण भारतातही तांबेरा लवकरच पोचला. इथला जुना 'चिक' वाण आधीच मागे पडत होता. त्याच्या जागी आलेला 'कूर्ग' तांबेऱ्यापुढे टिकला नाही. याचं मूळ अरेबिकाच्या, म्हणजे या वाणांच्या कॉफीजातीच्या, स्वभावात आहे. हे झाड स्वतःच्याच परागांवर फळतं, आणि इथले मळे मोजक्या बियांपासून वाढलेले. बाबा बुडन या सूफी संतांनी येमेनमधून सात बिया आणल्या ही कथा खरी असो वा नसो, मळ्यातली झाडं एकमेकांची सख्खी भावंडं होती एवढं नक्की. एकाला बाधलं ते सगळ्यांना बाधलं.

पहिला उपाय प्रयोगशाळेत सापडला नाही. 1911मध्ये म्हैसूर संस्थानातल्या केंट नावाच्या मळेवाल्याने आपल्या मळ्यातलं एक टिकाव धरणारं झाड हेरलं आणि त्याचं बी वाढवलं. तोच 'केंट्स'. लागवड झपाट्याने पसरली, पण थोड्याच वर्षांत त्याच्या पानांवरही पूड दिसू लागली.

असं का झालं, याचं उत्तर भारतात मिळालं, आणि मला हा या इतिहासातला सगळ्यात मोलाचा टप्पा वाटतो. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला 1925मध्ये कॉफी संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे विल्सन मेन यांनी 1930च्या दशकात दाखवून दिलं की तांबेरा एकच नाही, त्याचे अनेक प्रकार आहेत. एका प्रकाराला दाद न देणारं झाड दुसऱ्या प्रकाराला बळी पडतं. तेव्हापासून नुसता 'चांगला' वाण शोधून भागेना. तो कोणत्या प्रकारांपुढे टिकतो, हे विचारावं लागलं.

याच केंद्रात एस.795 हा वाण तयार झाला. त्याचा एक पालक केंट्स, दुसरा एस.288. एस.288च्या रक्तात लायबेरिका या वेगळ्या जातीचा अंश होता आणि प्रतिकाराचा नवा गुण तिकडून आला. 1940च्या दशकात मळ्यांत गेलेला हा वाण चवीसाठी आजही अनेकांना हवा असतो.

पुढची मोठी देणगी तिमोर बेटावरची. तिथे अरेबिका आणि रोबस्टा ही कॉफीची दुसरी, जास्त कणखर जात यांचा आपोआप संकर झालेलं एक झाड सापडलं. एरवी असा संकर वांझ निघतो, कारण अरेबिकाची गुणसूत्रं 44 आणि रोबस्टाची 22. या झाडात मात्र 44 होती, म्हणून ते अरेबिकाशी सहज जुळलं आणि रोबस्टाचा कणखरपणा घेऊन आलं. पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ ओएरासला 1955मध्ये तांबेऱ्यासाठी खास केंद्र उभं राहिलं. त्या देशात कॉफी पिकत नाही, म्हणूनच जगभरचे तांबेऱ्याचे नमुने तिथे निर्धास्त ठेवता येत. तिथे कातुरा आणि विला सार्ची या बुटक्या वाणांशी तिमोरचा संकर झाला आणि काटिमोर, सार्चिमोर या वंशावळी जन्मल्या. आपला 'कावेरी' (1985) पहिल्यातला, 'चंद्रगिरी' (2007) दुसऱ्यातला.

कोलंबियाने शहाणपणाने एक पाऊल आधीच टाकलं. तांबेरा तिथे 1983मध्ये पोचला, पण त्याआधीच तिथल्या पैदासकारांनी काटिमोरच्या वेगवेगळ्या ओळींचं बी एकत्र करून एक वाण तयार ठेवला होता. बुरशीला एकच कुलूप उघडून सगळा मळा हाती लागू नये, हा त्यामागचा विचार.

बुरशीही बदलत राहिली. आज तिचे पन्नासहून अधिक प्रकार नोंदले आहेत. कॉफीला बी पेरल्यापासून पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे नवा वाण पारखण्यात एका संशोधकाची निम्मी कारकीर्द जाते. तोपर्यंत एस.795 लावणारे मळेवाले पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं तेच मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारत राहतात.