इंचेलियम रेड आणि हत्ती लसूण: दोन्ही सौम्य, पण लसूण एकच

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या नर्सऱ्यांमध्ये आणि बेण्याच्या कॅटलॉगांमध्ये लसूण दिसू लागतो. त्यात 'चवीला सौम्य, गड्डा मोठा' असं वर्णन हमखास दोघांचं असतं: इंचेलियम रेड आणि एलिफंट गार्लिक, म्हणजे हत्ती लसूण. परसात चार वाफे असलेली मराठी घरं यातला जो मोठा दिसेल तो उचलतात आणि पुढच्या जुलैत चटणी का जमेना म्हणून कोड्यात पडतात. चूक चटणीची नसते. यातला एक खरा लसूण आहे आणि दुसरा लीकचा, म्हणजे कांद्याच्या कुळातल्या रुंद पातीच्या भाजीचा, भाऊबंद.

इंचेलियम रेड हा मऊ मानेचा, म्हणजे सहसा मधे कडक फुलदांडा न काढणारा लसूण. वॉशिंग्टन राज्याच्या ईशान्येला कोलव्हिल आदिवासींच्या राखीव प्रदेशात इंचेलियम नावाचं गाव आहे, तिथून ही जात पुढे आली. वनस्पतीशास्त्रात ती ॲलियम सॅटायव्हम, म्हणजे आपल्या रोजच्या लसणाचीच जात. लाल रंगाची अपेक्षा ठेवू नका. गड्डा मळकट पांढरा असतो आणि आतल्या सालींवर फिकट जांभळी झाक दिसते. चांगल्या जमिनीत गड्डा तीन इंचांपर्यंत जातो. पाकळ्या दोन-तीन थरांत बसलेल्या असतात: बाहेर मोठ्या, आत बारीक, एकूण बारा ते वीस.

हत्ती लसूण म्हणजे ॲलियम ॲम्पेलोप्रॅझम. लीक याच जातीतलं. ओरेगन राज्यातल्या सायो या गावी १९४१ मध्ये जिम निकोल्स या रोपवाटिकावाल्याला युरोपीय स्थलांतरितांनी मागे ठेवलेली ही झाडं सापडली. त्याने ती निवडून वाढवली आणि १९५० च्या दशकात 'एलिफंट गार्लिक' या नावाने विकायला काढली. गड्डा अर्ध्या किलोच्या आसपास जाऊ शकतो, पण पाकळ्या मोजून चार ते सहा.

ओळखायचं कसं

गड्डा हातात असेल तर पाकळ्या मोजा, संपलं. शिवाय हत्ती लसणाच्या बुडाशी, मुळांच्या बाजूला, हरभऱ्याहून मोठ्या, टणक सालीच्या पिवळट-तपकिरी गुठळ्या चिकटलेल्या असतात. खऱ्या लसणाला बुडाशी असं काही येत नाही. विकणारे त्या झाडून टाकतात, म्हणून दुकानातल्या गड्ड्यावर त्या नसल्या तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

वाफ्यात पात बघा. हत्ती लसणाची पात इंचभर किंवा जास्त रुंद, मधोमध घडी पडलेली, हुबेहूब लीकसारखी. जूनमध्ये तो कमरेच्या वर जाणारा जाड फुलदांडा काढतो आणि कापला नाही तर टोकाला जांभळट फुलांचा मोठा गोल येतो. इंचेलियमची पात अरुंद असते आणि मान शेवटपर्यंत मऊ राहते, म्हणूनच त्याच्या वेण्या घालता येतात. एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. हिवाळा फार कडक गेला किंवा वसंतात पाण्याचा ताण बसला तर मऊ मानेचा लसूणही मधूनच दांडा काढतो, किंवा मानेच्या मध्यावर चार-पाच बारीक पाकळ्यांचा फुगवटा धरतो. बेणं बदललं गेलं असं समजून उपटू नका. गड्डा खाली नीट तयार होतो, थोडा लहान एवढंच.

लावणी

दोघांची वेळ एकच: जमीन गोठण्याच्या चार ते सहा आठवडे आधी. न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन या भागांत ऑक्टोबर, कॅलिफोर्नियाच्या सौम्य हिवाळ्यात नोव्हेंबर उजाडला तरी चालतं. लसणाला पाकळ्या पाडायला थंडी लागते. दहा अंश सेल्सिअसखाली सहा ते आठ आठवडे मिळाले आणि पुढे दिवस लांबत गेले की गड्डा फुटून पाकळ्या होतात. मार्चमध्ये लावलेल्या लसणाची पात छान येते, पण खाली बहुधा कांद्यासारखा एकसंध गोळा निघतो. तो खायला चालतो, आणि ऑक्टोबरमध्ये परत लावला तर पुढच्या वर्षी पूर्ण गड्डा देतो.

बेण्याचा हिशेब इथे फार वेगळा पडतो. एका पौंडात इंचेलियमच्या लावण्याजोग्या साठ ते ऐंशी पाकळ्या मिळतात, हत्ती लसणाच्या दहा ते पंधरा. चार फूट रुंद आणि आठ फूट लांब वाफ्याला इंचेलियमचे सव्वाशे गड्डे बसतात. त्यासाठी दोन पौंड बेणं पुरतं. तोच वाफा हत्ती लसणाने भरायचा तर चार पौंडांच्या आसपास लागेल आणि झाडं पन्नाससुद्धा होणार नाहीत.

गड्डा लावणीच्या दिवशीच फोडा. आधी फोडून ठेवलेल्या पाकळ्यांची बूडचकती सुकते आणि मुळं उशिरा येतात. इंचेलियमच्या बाहेरच्या थरातल्या मोठ्या पाकळ्याच लावा, आतल्या बारीक स्वयंपाकघरात जाऊ द्या. चकती खाली, टोक वर; उलटी लागलेली पाकळी उगवते, पण मान वाकडी होऊन गड्डा बेढब होतो. इंचेलियम दोन इंच खोल आणि सहा इंच अंतरावर, हत्ती लसूण चार इंच खोल आणि आठ ते बारा इंचांवर. वरून चार इंच गव्हाचा पेंढा पसरा. उत्तरेकडच्या राज्यांत हत्ती लसणाला पेंढा जरा जास्तच घाला, कारण थंडी सोसण्यात तो खऱ्या लसणाच्या मागे आहे.

किराणा दुकानातला लसूण बेणं म्हणून वापरू नये. तो कुठल्या हवामानातला आहे ते कळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यासोबत पांढरी सड ही बुरशी किंवा सूत्रकृमी वाफ्यात शिरू शकतात. पांढऱ्या सडीच्या खसखशीएवढ्या काळ्या गाठी जमिनीत वीस वर्षं जिवंत राहतात. नंतर तिथे कांदाही घेता येत नाही.

वसंत ते काढणी

बर्फ वितळून पात हलली की नत्र द्या आणि मेच्या सुरुवातीपर्यंत दर तीन आठवड्यांनी देत राहा. त्यानंतर थांबा. उशिरा दिलेलं नत्र पातीत जातं, गड्डा फुगायला उशीर होतो, आणि कधी कधी तयार पाकळ्यांनाच वाफ्यात कोंब येतात. पाणी आठवड्याला इंचभर, पाऊस धरून. काढणीच्या दोन आठवडे आधी तेही बंद.

हत्ती लसणाचा फुलदांडा वर आला की कापायचा. नाही कापला तर गड्ड्याचा आकार स्पष्ट घटतो. कोवळ्या दांड्याचे अर्धा इंची तुकडे करून कांद्याच्या पातीसारखा झुणका करा. आमच्या मते हत्ती लसणातला सर्वांत चवदार भाग गड्डा नाहीच, हा दांडा आहे.

काढणीची खूण दोघांची सारखी: खालची तिसरा हिस्सा ते निम्मी पात वाळली, वर पाच-सहा पानं हिरवी राहिली, की काढा. प्रत्येक हिरवं पान म्हणजे गड्ड्यावरचं एक आवरण. सगळी पात वाळायची वाट पाहिली तर आवरणं जमिनीतच कुजतात, पाकळ्या सुट्या होतात आणि टिकवण शून्य. फावड्याने बाजूने माती सैल करून उचला, पात धरून ओढू नका. धुवायचं नाही. सावलीत, वारा खेळेल अशा जागी तीन ते चार आठवडे वाळवा. हत्ती लसूण जाड असल्यामुळे मान कापून आत ओल दिसते का ते बघूनच आत न्या.

वाळलेला इंचेलियम घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात सहा ते नऊ महिने टिकतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथलं चार-पाच अंश सेल्सिअस तापमान लसणाला हिवाळा संपत आल्याचा निरोप देतं आणि कोंब फुटतात. साठवणीत त्याची चव वाढतही जाते: जुलैत गोडसर लागणारी पाकळी जानेवारीत बऱ्यापैकी झणझणीत होते. हत्ती लसूण आधी संपवावा.

स्वयंपाकात

दोघंही सौम्य असले तरी कारणं निराळी आहेत. लसणाचा तिखटपणा पाकळीत तयार बसलेला नसतो. चिरल्यावर किंवा ठेचल्यावर पेशी फुटतात, ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) पाकळीतल्या ॲलीनला भेटतं आणि तिखट ॲलिसिन तयार होतं. हत्ती लसणात हा कच्चा मालच कमी, त्यामुळे कितीही ठेचलात तरी तो लीक-कांद्याकडेच झुकतो, आणि कच्चा खाल्ला तर मागे किंचित कडवट लागतो. इंचेलियममध्ये यंत्रणा पूर्ण आहे, फक्त धार हलकी. म्हणून त्याच्याकडून चव काढून घेता येते: बारीक ठेचा, दहा मिनिटं उघडा ठेवा, मग तेलात किंवा आंबटात घाला. अख्खी पाकळी थेट उकळत्या आमटीत टाकली तर विकर उष्णतेने निकामी होतं आणि आधीच सौम्य लसूण बटाट्यासारखा होतो. लिंबूही तेच करतं. आधी ठेचून थांबा, लिंबू नंतर.

पाककृतीतलं 'पाकळ्या १५' हे माप इथे मोडतं. गावठी लसणाची पाकळी एक-दोन ग्रॅमची, इंचेलियमची बाहेरची सहा ते नऊ, हत्ती लसणाची तीस ते साठ. वजन करा.

सुक्या खोबऱ्याच्या चटणीला वाटीभर, म्हणजे साधारण ८० ग्रॅम किसलेलं खोबरं घेतलं तर गावठी लसूण २० ग्रॅम पुरतो. इंचेलियम ३० ते ३५ ग्रॅम घ्या, पाकळ्या सोलून, काप करून कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं फिरवा. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त वरची ओल जायला हवी. खोबरं वेगळं भाजा, दोन चमचे तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. हत्ती लसूण या चटणीला घेऊच नका. त्यात पाणी जास्त, चटणी ओलसर होऊन लवकर बिघडते आणि तोंडाला लसूण लागतच नाही. ठेच्याचंही तेच: मिरची एकटी बोलते.

फोडणीत इंचेलियम ठेचून, मध्यम आचेवर, कडा सोनेरी होईपर्यंत. मिनिटभर पुरतो. हत्ती लसणाचे जाड तुकडे फोडणीत टाकले तर बाहेरून करपून कडू होतात आणि आतून कच्चे राहतात. त्याचे तीन मिलिमीटरचे काप करा, तव्यावर चमचाभर तूप, मंद आच, प्रत्येक बाजू पाच मिनिटं, वरून मीठ-मिरपूड. भाकरीबरोबर भाजी म्हणून खाण्याचा हा पदार्थ आहे, मसाला म्हणून नाही. बटाट्याच्या सारात, सूपमध्ये, भाताच्या पुलावात तो लीकच्या जागी उत्तम बसतो.

ओव्हनमध्ये भाजायला दोघंही छान. इंचेलियमच्या गड्ड्याचा वरचा पाव इंच कापून, तेल लावून, फॉइलमध्ये गुंडाळून ४०० अंश फॅरनहाइटला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. हत्ती लसणाच्या पाकळ्या सुट्या करून अर्धा तास. अख्खा गड्डा तासाहून जास्त घेतो आणि मधली पाकळी तरी कडक राहते. भाजलेला किंवा कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. हवा नाही, आंबट नाही, अशा जागी बोट्युलिझमचे जंतू वाढतात. फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. लोणच्यात लिंबाचा रस भरपूर असतो म्हणून ते वेगळं. तिथे पाकळ्या हिरव्या-निळ्या झाल्या तर घाबरू नका, आम्लामुळे होणारा तो निरुपद्रवी रंग आहे.

सोलण्यात हत्ती लसूण जिंकतो. साल एका ओढीत निघते. इंचेलियमची साल घट्ट, आतल्या बारीक पाकळ्या तर वैताग आणतात. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवल्या की सुटतात.

महाराष्ट्रात नेता येईल का?

इंचेलियमचं बेणं सामानातून गावी नेण्याचा विचार करू नका. वनस्पती विलगीकरणाच्या नियमांनुसार परवान्याशिवाय ते आणता येत नाही, आणि आणलं तरी पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात पुरेशी थंडी आणि लांब दिवस मिळत नसल्याने नुसती पात वाढेल. आपल्याकडच्या सपाटीवरच्या जाती कमी लांबीच्या दिवसांत गड्डा धरणाऱ्या आहेत. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा पर्पल, राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानची मोठ्या पाकळीची यमुना सफेद-३ (जी-२८२) या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. मोठी, सोलायला सोपी पाकळी हवी असेल तर जी-२८२ घ्या.

परसात दोन्ही लसूण लावणार असाल तर वाफे वेगळे ठेवा. हत्ती लसणाच्या बुडाच्या गुठळ्या काढणीत तुटून मातीत राहतात आणि पुढची दोन-तीन वर्षं गवतासारख्या उगवत राहतात. मुद्दाम लावायच्या असतील तर टणक साल नखाने फोडून, रात्रभर भिजवून ऑक्टोबरमध्ये लावा. पहिल्या वर्षी एकसंध गोळा, दुसऱ्या वर्षी पाकळ्यांचा गड्डा. नको असतील तर कोवळ्या असतानाच उपटा, कारण कांदा-लसणाच्या जागी चार वर्षं दुसरं पीक घेण्याचा फेरपालट त्या चुकार रोपांमुळे निकामी होतो. उपटलेली पात आमलेटात घाला.