कर्कजनुक

पेशीची वाढ, विभाजन किंवा टिकाव यांचे नियमन करणाऱ्या एखाद्या जनुकात बिघाड होऊन त्याचे कार्य प्रमाणाबाहेर वाढले किंवा अवेळी चालू राहिले आणि त्यामुळे पेशी कर्करोगाकडे झुकू लागली, तर त्या बदललेल्या जनुकाला कर्कजनुक किंवा ऑन्कोजीन म्हणतात. बिघाडापूर्वीच्या रूपाला प्रोटो-ऑन्कोजीन, म्हणजे आद्य कर्कजनुक, असे नाव आहे. ते काहीसे फसवे आहे, कारण त्यावरून ही जनुके जणू कर्करोगासाठीच शरीरात दबा धरून बसली आहेत असे वाटते. वास्तविक गर्भाची वाढ, जखम भरून येणे, रक्तपेशींची नित्य निर्मिती ही कामे त्यांच्यावाचून होत नाहीत. त्यांचा शोध रोगाच्या वाटेने लागला, म्हणून रोगाचे नाव त्यांना चिकटले.

ही वाट कोंबडीच्या गाठीपासून सुरू होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवून दिले, की कोंबडीच्या मांसार्बुदाचा, म्हणजे कर्करोगाच्या गाठीचा, अर्क सर्व पेशी अडतील अशा बारीक गाळणीतून गाळून निरोगी कोंबडीला टोचला, तरी तिला तसेच अर्बुद होते. म्हणजे कारण पेशीहून सूक्ष्म होते. ते विषाणू ठरले. या कामाची उपेक्षा बराच काळ झाली आणि राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते थेट १९६६ मध्ये. पुढे या विषाणूतील अर्बुदास कारणीभूत होणारे जनुक वेगळे ओळखता आले. त्याला ‘सार्क’ म्हणतात. विषाणूला स्वतःच्या वाढीसाठी या जनुकाची गरज नव्हती, मग ते त्याच्याकडे आले कोठून, हा प्रश्न उरला. मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत डोमिनिक स्टेहेलिन यांनी फक्त सार्कशी जुळणारा डीएनएचा चिन्हांकित तुकडा तयार केला, आणि तो निरोगी कोंबडीच्याच नव्हे, तर बदक व इमू यांच्याही डीएनएशी जुळल्याचे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूने ते जनुक कधीकाळी पक्ष्याच्या पेशीतूनच उचलले होते. कर्करोगाचे बीज बाहेरून येते या समजुतीला या एका प्रयोगाने जेवढा धक्का दिला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने दिला असेल. बिशप व व्हार्मस यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या अर्बुदांत बहुधा विषाणूचा संबंध नसतो. तेथे जनुक जागच्या जागी बिघडते. मूत्राशयाच्या कर्करोगातील एका पेशीमालिकेत (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींत) १९८२ मध्ये आढळलेला बिघाड डीएनएच्या अवघ्या एका अक्षराचा होता. त्यामुळे ‘रास’ प्रथिनातील बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल आले. रास हे एखाद्या विजेच्या कळीसारखे, म्हणजे बटणासारखे, काम करते: जीटीपी हा छोटा रेणू जोडलेला असताना चालू, आणि त्याचे विघटन होऊन जीडीपी हा रेणू उरला की बंद. बाराव्या जागेवरील बदलाने हे विघटन अडते, कळ चालूच राहते आणि वाढीचा संदेश बाहेरून आलेला नसतानाही केंद्रकापर्यंत पोहोचत राहतो. बर्किट लसिकार्बुदात, म्हणजे लसिका पेशींच्या एका कर्करोगात, ‘मिक’ जनुकाचे प्रथिन बदललेले नसले तरी चालते. आठव्या गुणसूत्रावरील हे जनुक बहुधा चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडांच्या सदैव कार्यरत जनुकाशेजारी जाऊन पडते आणि अतोनात व्यक्त होते, म्हणजे त्याचे प्रथिन प्रमाणाबाहेर बनते. काही स्तनार्बुदांत ‘हर-२’ जनुकाच्या प्रतींची संख्याच वाढते.

कर्कजनुकाची पेशीतील दोनपैकी एक प्रत बिघडली तरी परिणाम दिसतो. पेशीची बेबंद वाढ रोखणाऱ्या अर्बुदरोधक जनुकांच्या बाबतीत मात्र सामान्यतः दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. तरीही एकटे कर्कजनुक सहसा पुरेसे नसते. उंदरांच्या गर्भापासून थेट घेतलेल्या पेशी रास आणि मिक एकत्र आल्यावरच अर्बुदी बनतात, असे १९८३ मध्ये दिसले. किंबहुना निरोगी पेशीत एकट्या रासचा अतिरेक झाला, तर ती विभाजन कायमचे थांबवते.

उपचारांच्या दृष्टीने दीर्घकालीन मज्जापेशीय रक्तकर्करोगाचे उदाहरण मोलाचे आहे. फिलाडेल्फियात पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते बनते, हे जॅनेट रोली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते. त्यापासून बनणारे प्रथिन हे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे, न थांबणारे विकर (एन्झाइम) असते. त्याला रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र विकराच्या ३१५ व्या जागी थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन आले, तर औषधाला बसायला जागाच राहत नाही. रासला लागू पडेल असे औषध मान्य व्हायला आणखी दोन दशके गेली. २०२१ मध्ये मान्य झालेले सोटोरासिब हे बाराव्या जागी सिस्टीन आलेल्या के-रास या रासच्या एका प्रकारालाच चिकटते, व्हॅलीन आलेल्या रूपाला नाही.