थर्मोस्टॅट, घरगुती : रचना, बिघाड व निदान

थर्मोस्टॅट (तापनियंत्रक) : एखाद्या जागेचे, द्रवाचे वा पृष्ठाचे तापमान ठरवलेल्या मर्यादेत राहावे म्हणून उष्णता देणारे किंवा काढून घेणारे साधन आपोआप चालू-बंद करणारी रचना. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत ती गीझर, फ्रिज, इस्त्री आणि ओव्हन यांच्या आत दडलेली असते. थंड हवेच्या देशांत ती भिंतीवर बसवलेली असून सबंध घराची ऊब सांभाळते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

इतिहास : थर्मोस्टॅटचा जनक कोण, याविषयी एकवाक्यता नाही; व्याख्या बदलली की जनकही बदलतो. कोर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) हा मूळचा आल्कमार येथील डच कारागीर इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला होता. त्याने अंडी उबवण्यासाठी आणि रासायनिक प्रयोगांसाठी स्वयंनियंत्रित भट्टी तयार केली, ती बहुधा सतराव्या शतकाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दशकात. नळीतील अल्कोहोल तापून फुगले की ते पाऱ्याला ढकलत असे, पाऱ्यावरील तरंगणारा दांडा तरफ हलवीत असे आणि तरफेमुळे धुराड्याची झडप मिटत असे. भट्टी निवली की हीच क्रिया उलट होई. ड्रेबेलच्या स्वतःच्या लेखनातून याचा पुरेसा उलगडा होत नाही. उपलब्ध वर्णने मुख्यतः त्याच्या जावयाच्या, कुफ्लर घराण्याच्या, कागदांतून आणि १६६० च्या दशकात ती भट्टी पाहणाऱ्यांच्या नोंदींतून आलेली आहेत. त्यामुळे मूळ भट्टी कशी होती आणि कुफ्लर मंडळींनी तीत किती सुधारणा केल्या, हे वेगळे करणे अवघड आहे. तरीही तंत्रेतिहासकार ओटो माइर यांनी ड्रेबेलच्या या रचनेला आधुनिक युरोपातील पहिली फीडबॅक-यंत्रणा मानले आहे, आणि ते मत अधिक सयुक्तिक वाटते : तापमान मोजणे आणि त्यावरून इंधनाला मिळणारी हवा कमी-जास्त करणे, ही दोन्ही कामे येथे माणसाच्या मदतीशिवाय होतात.

दुसरा दावा फ्रान्समधील बॉनमॅन याचा. १७८३ च्या सुमारास त्याने उबवणी यंत्रासाठी गरम पाण्याची व्यवस्था केली व तिच्यात शिशाच्या नळीत बसवलेला लोखंडी दांडा वापरला. तापल्यावर शिसे लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते; लांबीतील हा फरक तरफेने वाढवून बंबाची हवेची झडप हलवली जाई. आजच्या गीझरमधील पितळी नळी आणि तिच्यातील इन्व्हार या तापूनही जवळजवळ न वाढणाऱ्या मिश्रधातूचा दांडा ही रचना थेट याच कल्पनेची वारसदार दिसते. संदर्भग्रंथांत बॉनमॅनला सहसा एखादी ओळच मिळते, ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे. तिसरा दावा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युअर यांचा. त्यांनी १८३० मध्ये दोन धातूंच्या जोडपट्ट्यांवर चालणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले आणि ‘थर्मोस्टॅट’ हे नावही त्यांनीच रूढ केले. मात्र द्विधातू पट्टी त्यांच्या आधीची आहे. जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात पितळ व पोलाद यांची पट्टी वापरली होती, पण ती तापमानामुळे घड्याळात येणारी चूक भरून काढण्यासाठी.

विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे श्रेय अमेरिकेत दोघांना दिले जाते. विस्कॉन्सिनमधील शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये घेतलेल्या पेटंटातील उपकरण वर्गातील तापमानाची खबर तळघरातील शिपायाला घंटा वाजवून देत असे. झडप मात्र शिपायालाच फिरवावी लागे. मिनीॲपोलिस येथील आल्बर्ट बुट्झ यांच्या १८८६ च्या पेटंटात खोलीतील थर्मोस्टॅट मोटरकरवी भट्टीची झडप स्वतः उघडत-मिटत होता. काटेकोर व्याख्या लावली तर घरगुती विद्युत् थर्मोस्टॅटची सुरुवात बुट्झपासून धरावी लागते. इन्व्हार हे सुमारे ३६ टक्के निकेल असलेले, तापमानाने जवळजवळ न वाढणारे पोलाद शार्ल एद्वार गियोम यांनी १८९६ मध्ये शोधले; १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. इन्व्हारमुळे थर्मोस्टॅट लहान आणि अचूक झाले.

रचना : संवेदकावरून (तापमान ओळखणाऱ्या भागावरून) घरगुती थर्मोस्टॅटचे तीन प्रकार पडतात. पहिला धातूंच्या प्रसरणावर चालणारा. इस्त्रीत द्विधातू पट्टी असते, तर गीझरमध्ये पितळी नळी आणि तिच्यातील इन्व्हारचा दांडा. दुसऱ्या प्रकारात बारीक तांब्याच्या नळीत (केशनलिकेत) वायू वा द्रव भरलेला असतो आणि त्याच्या दाबाने एक पातळ डबी फुगते किंवा आकसते. साध्या फ्रिजमध्ये आणि काही ओव्हन-गीझरांत हा आढळतो. तिसऱ्यात थर्मिस्टर हा तापमान वाढले की विद्युत् रोध घटणारा घटक आणि त्याचे वाचन करणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड असते.

पहिल्या दोन प्रकारांत वीज जोडणारे पॉइंट हळूहळू न सरकता एका झटक्यात उघडावेत अशी स्प्रिंग असते. ‘टिक’ असा आवाज येतो तो तिचाच. पॉइंट सावकाश उघडले तर ठिणगी रेंगाळते आणि ते जळतात. तसेच चालू होण्याचे आणि बंद होण्याचे तापमान मुद्दाम काही अंशांच्या अंतराने ठेवलेले असते. हे अंतर नसते तर फ्रिजचा कॉम्प्रेसर दर मिनिटाला चालू-बंद होऊन लवकरच निकामी झाला असता.

बिघाडाची दिशा : थर्मोस्टॅट ‘गेला’ एवढ्याने काहीच कळत नाही, तो कोणत्या बाजूला गेला, हे कळावे लागते. पॉइंट उघडे राहिले तर साधन चालूच होत नाही, आणि पॉइंट एकमेकांना चिकटले तर ते बंदच होत नाही. पहिल्यात गैरसोय आहे, दुसऱ्यात धोका.

केशनलिकेच्या प्रकारात हा फरक फार शिकवणारा आहे. नळीला बारीक चीर पडून आतला वायू निघून गेला की दाब उतरतो. दाब उतरणे म्हणजे थर्मोस्टॅटच्या लेखी थंडी. फ्रिजमध्ये थंडी झाली की कॉम्प्रेसर बंद व्हायचा असतो, म्हणून नळी फुटलेला फ्रिज गप्प बसून राहतो. दूध नासते, एवढेच. ओव्हन किंवा गीझरमध्ये नळीतला द्रव गळला तरी त्याचा अर्थ थंडी असाच लागतो, पण तेथे थंडी म्हणजे तापवण्याचा हुकूम. काही रचनांत द्रव गळताच पॉइंट उघडतील अशी सोय केलेली असते, सर्वांत नसते. म्हणूनच गीझरमध्ये थर्मोस्टॅटखेरीज पाणी अति तापल्यास वीज तोडणारा स्वतंत्र कटआउट असतो आणि त्याच्याही पुढे दाब सोडणारी झडप. थर्मिस्टरची तार तुटली तर रोध अनंत, म्हणजे पुन्हा कडाक्याची थंडीच. चांगल्या कार्डांना हे अशक्य वाचन ओळखता येते आणि ती काम थांबवून पडद्यावर बिघाडाचा संकेत दाखवतात.

गीझर : घरगुती साठवणीच्या गीझरसाठी भारतीय मानक आयएस २०८२ आहे. थर्मोस्टॅटची परीक्षा घड्याळ लावून घेता येते. १५ लिटर पाणी २५° से. पासून ६०° से. पर्यंत तापवायला २ किलोवॉटच्या कॉइलला सुमारे १८ मिनिटे लागतात. २५ लिटरला अर्धा तास. दिवा पाच-सात मिनिटांतच विझला आणि पाणी कोमटच राहिले, तर थर्मोस्टॅट लवकर तुटतो, म्हणजे वीज वेळेआधी तोडतो आहे. तासभरानेही दिवा विझत नसेल आणि नळातून वाफ येत असेल, तर पॉइंट चिकटले आहेत. अशा वेळी एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा स्विच) खाली करून गीझर थंड होईपर्यंत त्याला हात लावू नये. दिवा चालू, पण पाणी गारच, असे असल्यास दोष बहुधा कॉइलचा असतो.

कटआउटमुळे बंद पडलेला गीझर बटण दाबून पुन्हा चालू करता येतो. काही गीझरांत हे बटण झाकणाच्या आत असते. एकदा दाबून काम भागले तर ठीक. काही दिवसांनी कटआउट पुन्हा उडाला, तर थर्मोस्टॅट वेळेवर तुटत नाही असा त्याचा अर्थ आहे. ‘कटआउटच खराब आहे’ म्हणून दोन वायरी थेट जोडून देण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तिचा निषेध करावा तेवढा थोडा आहे. थर्मोस्टॅट चिकटलेला, कटआउट डावललेला आणि दाबाची झडप क्षाराने बसलेली, असे तिन्ही जुळून आले की टाकी फुटते.

बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत निम्म्या तक्रारींचे मूळ क्षारात शोधावे. कॉइलवर पांढरट कवच धरले की उष्णता पाण्यात जात नाही आणि कॉइल आतून जळते. थर्मोस्टॅटच्या नळीवर थर चढला तर त्याला पाण्याचे तापमान उशिरा कळते. दोन्हींच्या मधली जागा क्षाराने बुजली तर कॉइलची उष्णता थेट थर्मोस्टॅटला लागते आणि तो पाणी पुरते तापण्याआधीच तुटतो. अशा गीझरला नवा थर्मोस्टॅट बसवला तरी तीच तक्रार पुन्हा येते. आधी टाकी आणि कॉइल साफ करावी लागते.

मल्टिमीटरने तपासताना एमसीबी बंद करून वीज खरोखर गेल्याची खात्री करावी आणि दोन्ही वायरी सोडवाव्यात. थंड गीझरमध्ये थर्मोस्टॅटच्या दोन टोकांमधील रोध जवळजवळ शून्य हवा. २ किलोवॉटच्या कॉइलचा रोध सुमारे २६ ओहम येतो. थर्मोस्टॅट शून्य दाखवतो आणि कॉइल काहीच दाखवत नाही, तर थर्मोस्टॅट निर्दोष आहे. टर्मिनल जवळून पाहावे. २ किलोवॉटच्या गीझरमधून सुमारे ९ अँपिअर प्रवाह वाहतो. स्क्रू किंचित सैल असला तरी तेवढ्या प्रवाहाने जोड तापतो, वायरीचे आवरण तपकिरी व ठिसूळ होते, पितळ काळवंडते आणि उन्हाळ्यात न जाणवलेला हा दोष हिवाळ्यात गीझर जास्त वेळ चालू लागताच बाहेर येतो. थर्मोस्टॅट बदलताना दांड्याची लांबी, अँपिअर आणि तापमानाची मर्यादा जुन्याप्रमाणेच घ्यावी. ६०° से. ला पाणी अंगावर पडल्यास काही सेकंदांत भाजते, म्हणून लहान मुले व वृद्ध असलेल्या घरांत बादलीत आधी थंड पाणी घ्यावे.

फ्रिज : येथे दोन वेगळ्या वायूंची गल्लत होते आणि त्यात ग्राहकाचा खिसा कापला जातो. एक वायू शीतकरणाच्या बंद नळ्यांत फिरतो. दुसरा, अगदी थोडासा, थर्मोस्टॅटच्या केशनलिकेत असतो. ‘गॅस गेला’ हे निदान ऐकल्यावर कोणता, असे विचारावे. कॉम्प्रेसर सतत गुरगुरतो पण थंडावा नाही, तर संशय पहिल्यावर. आतला दिवा लागतो पण कॉम्प्रेसर हूं की चूं करत नाही, तर थर्मोस्टॅट, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसर अति तापल्यास वीज तोडणारा भाग) या तिघांपैकी कोणीतरी. मेकॅनिक थर्मोस्टॅटच्या दोन वायरी क्षणभर जोडून पाहतो. कॉम्प्रेसर सुरू झाला तर दोष थर्मोस्टॅटचा, आणि तो भाग शीतकरणाचा वायू भरण्याच्या मानाने पुष्कळच स्वस्त असतो. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबूनच पुन्हा चालू करावा.

उलट बाजूचा बिघाड म्हणजे खालच्या कप्प्यातील कोथिंबीर आणि पालक गोठून काळे पडणे. केशनलिकेचे टोक बर्फाच्या कप्प्याला घट्ट चिकटलेले असावे लागते. साफसफाईत ते सुटले तरी थर्मोस्टॅटला थंडी उशिरा कळते आणि कॉम्प्रेसर चालतच राहतो. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास व त्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी वाचन घ्यावे : ४° से. किंवा त्याहून कमी, पण शून्याच्या वर असेल तर थर्मोस्टॅटला दोष देऊ नये. दाराचे रबर ढिले असणे आणि भिंतीला चिकटवून ठेवलेला फ्रिज, ही कारणे आधी पाहावीत. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर बंद पडला की मागच्या भागात बर्फाची भिंत होते आणि पंख्याची हवा अडते. वर थंड, खाली गरम, ही त्याची खूण. थर्मिस्टर पारखण्यासाठी बर्फाळ पाणी पुरते : २५° से. ला १० हजार ओहमचा थर्मिस्टर ०° से. ला साधारण तिप्पट रोध दाखवतो.

इस्त्री : कपड्यांसाठीचे एक, दोन व तीन ठिपके म्हणजे तळाचे अनुक्रमे सुमारे ११०°, १५०° व २००° से. तापमान. नायलॉनच्या, म्हणजे एका ठिपक्याच्या, खुणेवरही कपडा करपत असेल, तर इस्त्री वापरू नये.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट : उत्तर अमेरिकेतील घरांत, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, हा परिचयाचा आहे. तो सामान्यतः २४ व्होल्टवर चालतो. बॅटरी, ब्रेकर, भट्टीच्या झाकणाचा स्विच आणि हवेची गाळणी एवढे पाहिल्याशिवाय तो उघडू नये. वीज आणणारी ‘आर’ व भट्टीला तापवण्याचा हुकूम नेणारी ‘डब्ल्यू’ या वायरी जोडून भट्टी सुरू झाली तर दोष थर्मोस्टॅटचा. २०११ पासून पसरलेल्या स्मार्ट थर्मोस्टॅटना सतत वीज लागते. जुन्या घरांत त्यासाठीची ‘सी’ वायर नसल्यास त्यांची बॅटरी उतरते व ऐन थंडीत ते बंद पडतात. खिडकीशेजारी, उन्हात किंवा दिव्याच्या वर बसवलेला थर्मोस्टॅट खोलीचे नव्हे, त्या कोपऱ्याचे तापमान वाचतो. जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये पाऱ्याची काचनळी असते. ती तिरकी झाली तर तापमान चुकते, आणि बदलताना संपूर्ण उपकरण न फोडता घातक कचऱ्याच्या संकलनाला द्यावे लागते. काच फुटलीच, तर पारा व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. त्याने पाऱ्याची वाफ घरभर पसरते.