उसना दिलेला वजीर आणि सोडून दिलेलं प्यादं

बुद्धिबळाचे गाजलेले डाव पुन्हा मांडून बघताना बहुतेकांचा हात एकाच जागी थबकतो: वजीर दिला जातो तिथे. तिथे ‘वा!’ निघतं. पुढे कधीतरी हत्ती-प्याद्यांचा एखादा रुक्ष डाव समोर येतो, त्यात कुणीतरी मुकाट्याने दोन प्यादी सोडून राजा पुढे नेतो, आणि ती चाल आपण घाईने ओलांडून जातो. पुस्तकात दोन्हींच्या खाली शब्द एकच असतो, बलिदान. माझं म्हणणं असं की या दोन गोष्टींची जातच वेगळी आहे. आणि ती जात दिलेला मोहरा केवढा मोठा आहे यावर ठरत नाही.

हा फरक मी शोधलेला नाही. रुडॉल्फ स्पीलमन नावाचा एक ऑस्ट्रियन उस्ताद होता, हल्ल्यासाठी प्रसिद्ध. बलिदानाचे दोन वर्ग त्याने १९३५ साली मांडले, खोटं आणि खरं. दिलेल्या मोहऱ्याची परतफेड कधी आणि कशी होणार हे आधीच मोजता येतं ते खोटं. शेवटपर्यंत मोजता येत नाही, डावाच्या जाणिवेवर भरवसा ठेवून उडी घ्यावी लागते ते खरं. ‘खोटं’ हा शब्द मात्र मला अन्यायाचा वाटतो, जणू काही फसवणूक चालली आहे. मी त्याला उसनं म्हणतो. उसनं दिलेल्या पैशाला तारीख असते. दुसऱ्या प्रकारात तारीख नसते, त्यात हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायचं असतं, आणि म्हणूनच पोटात गोळा येतो.

उसनवारीचं सर्वांत सुंदर उदाहरण १८५८ सालचं, पॅरिसच्या ऑपेरागृहातलं. पॉल मॉर्फी हा अमेरिकन खेळाडू तेव्हा एकवीस वर्षांचा, पांढरे मोहरे त्याचे. समोर दोघं जण सल्लामसलत करून खेळत होते, ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर. मंचावर गाणं चालू आणि बॉक्समध्ये हा डाव. सोळाव्या चालीला मॉर्फी वजीर बी-८ वर नेऊन शह देतो (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अशी अक्षरं, आडव्या रांगांना पांढऱ्याकडून एक ते आठ आकडे). काळ्याला तो घोड्याने मारावाच लागतो, दुसरी चालच नाही. घोडा डी-७ वरून हलला की डी पट्टी मोकळी होते, पांढरा हत्ती डी-८ वर येतो आणि मात. पांढऱ्याकडे त्या क्षणी राजा आणि प्यादी सोडली तर हत्ती नि उंट, एवढेच दोन मोहरे उरलेले, आणि दोघंही कामावर: हत्ती शह देतोय, जी-५ वरचा उंट हत्तीला राखून शिवाय ई-७ चं घर अडवतोय.

चाल देखणी आहे यात वाद नाही. पण यात जोखीम किती? शून्य. वजीर एका चालीपुरता बाहेर गेला आणि राजा घेऊन परत आला. या चालीला धैर्य लागत नाही, दिसायला लागतं. हातात वजीर असताना त्याच्यावाचूनचा पट डोळ्यांपुढे आणणं, ही त्यातली करामत. म्हणून अशा चालींचं कौतुक करताना ‘काय छाती आहे’ म्हणण्यापेक्षा ‘काय नजर आहे’ म्हणावं.

गंमत म्हणजे त्याच डावात, सहा चाली आधी, दुसरी जात दिसते. दहाव्या चालीला मॉर्फी बी-५ वर घोडा देतो आणि बदल्यात फक्त दोन प्यादी घेतो. तिथे मात दिसत नसते. दिसतं ते एवढंच की काळ्याचा राजा मध्यात अडकलाय, त्याचा राजाकडचा उंट आणि हत्ती घरीच झोपलेत आणि पांढऱ्याचे हत्ती सोडून बाकी सगळे मोहरे जागे आहेत. त्याच्याही दोन चाली आधी मॉर्फीला वजिराने बी-७ वरचं प्यादं फुकट मिळत होतं. घेतलं असतं तर काळ्याने वजिराने बी-४ वर शह देऊन वजिरा-वजिरी केली असती, आणि एका प्याद्याच्या बळावर सावकाश जिंकायचा डाव हातात राहिला असता. मॉर्फीने तो घेतला नाही. कंटाळा आला असता त्याला, असं मला वाटतं. त्या ‘कंटाळवाण्या’ रस्त्याने कुणी गेलं तर काय दिसतं, त्याकडे येतोच.

आधी मोहऱ्याच्या किमतीचा गैरसमज. न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना वजीर सोडला, तो डाव पुढे ‘शतकातला डाव’ म्हणून ओळखला गेला. सतराव्या चालीला वजिरावर हल्ला असताना तो वजीर हलवतच नाही, उंट ई-६ वर आणून ठेवतो. वजीर गेला. पण नंतर काळ्या घोड्याचे उघडशह सुरू होतात (घोडा बाजूला सरकला की मागच्या उंटाचा शह), पांढरा राजा एफ-१ आणि जी-१ या दोन घरांत येरझाऱ्या घालत राहतो, आणि फिशर एकेक वस्तू गोळा करत जातो. शेवटी बेरीज केली तर वजिराच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं. शाळेतल्या मुलांना शिकवतात त्या गुणांनी (वजीर नऊ, हत्ती पाच, उंट तीन, प्यादं एक) नऊ देऊन बारा. बर्नने वजीर न घेता तो ई-६ चा उंट मारला असता तर घोडा-वजिराने गुदमरून मात होती. म्हणजे पटावरचा सर्वांत महागडा मोहरा दिला, तरी हा नफ्याचा सौदा. तेरा वर्षांच्या पोराला तो पटावर दिसला हेच आश्चर्य. पण आश्चर्य हिशेबाचं आहे, त्यागाचं नाही. मात एक्केचाळिसाव्या चालीला झाली. मधल्या चालींत फिशर ज्या शांतपणे मोहरे जुळवतो त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आता तो रुक्ष वाटणारा डाव. न्यूयॉर्क, १९२४. होसे राऊल कापाब्लांका तेव्हा जगज्जेता, पण स्पर्धेची सुरुवात अडखळत झालेली. आदल्या फेरीत रेटीकडून हरला होता, आठ वर्षांतला पहिला पराभव. समोर आला टार्टाकोव्हर, काळ्या मोहऱ्यांनी. ‘डच बचाव’ नावाची सुरुवात, मोहऱ्यांची अदलाबदल होत होत पस्तिसाव्या चालीला पटावर उरतं ते असं: दोघांकडे एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी. पांढरा हत्ती एच-७ वर, काळ्याच्या गोटात, सातव्या रांगेत रुतून बसलेला. पांढऱ्याचं एक प्यादं जी-५ वर, त्याची वाट अडवायला काळ्याचं प्यादं नाही. पांढरा राजा एफ-३ वर. आणि काळा हत्ती सी-६ वरून सी-३ च्या प्याद्यावर डोळा ठेवून.

पट मांडून इथे थांबा. पाच-पाच प्याद्यांच्या डावात एक प्यादं म्हणजे मोठी इस्टेट. आपण असतो तर राजा वजिराच्या बाजूला धावत नेला असता, निदान पुढचं नुकसान तरी टाळावं म्हणून. कापाब्लांका राजा उलट दिशेला नेतो, जी-३ वर. या घ्या सी-३. काळा हत्ती ते प्यादं मारतो, तेही शह देऊन. राजा एच-४ वर. म्हणजे शहाने राजाला मागे नाही, पुढे ढकललं. काळा हत्ती एफ-३ वर येऊन एफ-४ चं दुसरं प्यादं मागतो. पांढरा ते वाचवत नाही, जी-चं प्यादं सहाव्या घरात सरकवतो. काळा एफ-४ मारतो, पुन्हा शह देऊन. राजा जी-५ वर, काळा हत्ती ई-४ वर. आता पाचविरुद्ध तीन प्यादी. नुसतं मोजणाऱ्याला वाटेल की जगज्जेता हरतोय.

मग येते एकोणचाळिसावी चाल. माझ्या मते सगळा डाव तिच्यात आहे. एफ-५ वर काळ्याचं प्यादं पांढऱ्या राजाच्या शेजारी उघडं पडलंय. दोन प्यादी मागे असलेला माणूस ते झडप घालून घेईल. कापाब्लांका घेत नाही. राजा त्याच्या बगलेतून सरकतो आणि एफ-६ वर, बरोबर त्या प्याद्याच्या मागे, जाऊन उभा राहतो. का? कारण ते प्यादं तिथे आहे तोवर एफ पट्टीवरून काळ्या हत्तीला शह देता येत नाही. शत्रूचंच प्यादं राजाची ढाल. आणि पुढे धमकी काय, तर हत्ती एच-८ वर, मात. काळा राजा जी-८ ला पळतो, हत्ती जी-७ वर शह देऊन त्याला कोपऱ्यात एच-८ ला ढकलतो आणि मग निवांत सी-७ चं प्यादं उचलतो. पुन्हा शेवटच्या रांगेत मात होण्याची धमकी, म्हणून काळ्याला आपला इतका मिजासखोर हत्ती निमूट ई-८ वर राखणीला बसवावा लागतो. आता, बेचाळिसाव्या चालीला, राजा मागे वळून एफ-५ चं प्यादं घेतो. तीनविरुद्ध तीन. तेच प्यादं तीन चाली आधी हाताशी होतं. तेव्हा त्याचं जिवंत राहणं उपयोगाचं होतं, आता नाही.

डावाच्या शेवटी ‘धीर धरावा’ असं सगळेच सांगतात, आणि ऐकणारा त्याचा अर्थ सावकाश खेळणं, वाट पाहणं असा घेतो. इथे तसं काही नाही. राजा जी-३, एच-४, जी-५, एफ-६ असा एकही पाऊल मागे न घेता चाललाय. धीर आहे तो न घेण्यात.

यापुढचं लवकर उरकतं. जी-चं प्यादं सातव्या घरात पोहोचतं, काळा राजा त्याचा पहारेकरी होऊन बसतो, तोवर पांढरा ए-७ आणि डी-५ ही प्यादीही उचलतो आणि डी-चं प्यादं चालू लागतं. काळ्याने ए-४ मारून थोडं वसूल केलं. बावन्नाव्या चालीला पांढरं प्यादं डी-६ ला आल्यावर टार्टाकोव्हरने डाव सोडला. तेव्हा काळ्याकडे बी-६ वरचं एकच प्यादं होतं.

इथे जाणकार हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. पस्तिसाव्या चालीपासून बेचाळिसाव्यापर्यंत बऱ्याचशा चाली सक्तीच्या आहेत, कापाब्लांकासारख्या माणसाने त्या सगळ्या आधीच मोजल्या असतील. मग हेही उसनंच नाही का? मोजल्या असतील. पण मोजून हाती काय लागत होतं? मात नव्हे, बारा गुणही नव्हेत. तीनविरुद्ध तीन प्याद्यांचा एक डाव, ज्यात राजा पुढे आहे आणि प्यादं पुढे आहे. तो जिंकतो हे मोजण्यातून नाही, ओळखण्यातून येतं. स्पीलमनने कुठल्या वर्गात टाकलं असतं कोण जाणे. मी कुंपणावर, पण खऱ्याच्या बाजूला पाय सोडून बसवेन.

कुंपणाच्या पूर्ण पलीकडचा नमुना हवा असेल तर १९५३ सालच्या झुरिकच्या कँडिडेट्स स्पर्धेतला (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी ती स्पर्धा) रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोशियन बघा. पेट्रोशियन काळा, पांढऱ्याची मधली प्यादी अंगावर येतायत, काळ्याचे मोहरे एकमेकांच्या वाटेत. पंचविसाव्या चालीला तो ई-७ वरचा हत्ती एक घर पुढे, ई-६ वर ठेवतो, जिथे पांढरा उंट त्याला खाऊ शकतो. हल्ला नाही, शह नाही, हत्तीच्या बदल्यात परत मिळायचा तो फक्त उंट. हत्ती हलल्याने ई-७ चं घर रिकामं झालं, तिथून घोडा डी-५ ला जाऊन बसला आणि पांढऱ्याची प्यादी जागच्या जागी थिजली. एवढंच हवं होतं. हत्ती देऊन त्याने घोड्यासाठी बसायची जागा घेतली. डाव एक्केचाळिसाव्या चालीला बरोबरीत सुटला, आणि तरीही लोक अजून तो मांडून बसतात.

डाव बघताना मी एक करतो. बलिदानाची चाल आली की संगणकाचं इंजिन, म्हणजे चाली मोजून डाव कुणाकडे झुकलाय ते आकड्यात सांगणारा प्रोग्रॅम, बंद. इंजिनाचा आकडा सगळंच उसनं करून टाकतो. त्याला पुढचं दिसत असतं, खेळणाऱ्याला दिसत नव्हतं. मग कागदावर दोन ओळी: काय दिलं, आणि कितव्या चालीला काय परत आलं. मॉर्फीच्या वजिराची ओळ एका शब्दात संपते. पेट्रोशियनच्या हत्तीपुढे मला ‘उंट, आणि घोडा डी-५’ एवढंच लिहिता येतं.

तिसरीही एक जात आहे, ती स्पीलमनच्या वर्गवारीत नाही. मागे एकदा ऑनलाइन खेळताना पेट्रोशियन डोक्यात घोळत होता, मी उंटाच्या बदल्यात हत्ती दिला, घोड्याला मध्यात छान घर दिसत होतं. दोन चालींनी समोरच्याने प्यादं एक घर पुढे केलं आणि घोड्याला ते घरही उरलं नाही, परतीची वाटही नाही. सोळा चालींत आटोपलं. चॅटमध्ये त्याने विचारलं, “तो हत्ती चुकून गेला का?” मी लिहिलं, “नाही, बलिदान होतं.” त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पुढचा डाव मागितला.